खाज थांबली म्हणजे नायटा गेला नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत नायट्यावर मजकूर येतो: सुती कपडे घाला, अंग कोरडे ठेवा, दुसऱ्याचा टॉवेल वापरू नका. सगळे बरोबरच आहे. पण घरोघरी अडते ते पुढेच. मेडिकलमधून आणलेली ट्यूब चार दिवस लावली, खाज गेली, पंधरा दिवसांत चट्टा दुप्पट झाला. मग गोळ्या झाल्या, त्याही संपल्या, आणि जांघेतला नायटा कमरेपर्यंत चढला. असे का होते याचे उत्तर औषध शरीरात नेमके काय करते यात आहे, आणि त्याबद्दल मराठीत फार कमी लिहिले जाते. म्हणून हे लांबलेले पत्र. हिवताप आणि आंवेच्या औषधांचे रडगाणेही याच सुरातले असल्याने शेवटी त्यांच्याकडेही वळू.

जिवाणू मारायला औषधे पुष्कळ आहेत, कारण जिवाणूची पेशी आपल्या पेशीहून फार वेगळी. बुरशीचे तसे नाही. तिच्या पेशीत आपल्यासारखेच केंद्रक असते, मायटोकॉन्ड्रिया असतात, प्रथिने बनवायची यंत्रणाही बरीचशी आपल्यासारखी. हिवतापाचा परजीवी किंवा आंवेचा अमिबा, म्हणजे एकपेशीय आदिजीव, हेही याच घराण्यातले. त्यामुळे बुरशीला मारणारे विष आपल्यालाही बाधण्याची भीती असते, आणि औषध शोधणाऱ्याला दोघांमधला एखादा बारीक फरक हेरावा लागतो. असे फरक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. म्हणूनच बुरशीविरोधी औषधांचे गट थोडे, आणि त्यातला एक निकामी झाला की ती उणीव लवकर भरून निघत नाही.

यातला सर्वांत कामाचा फरक पेशीच्या आवरणातला. आपल्या पेशीच्या पटलात कोलेस्टेरॉल असते. बुरशीच्या पटलात त्या जागी अर्गोस्टेरॉल असते. अर्गोस्टेरॉल बनवण्याच्या साखळीत स्क्वालीन नावाच्या पदार्थापासून सुरुवात धरली तर दोन टप्पे लक्षात ठेवावेत. पहिला टप्पा स्क्वालीन इपॉक्सिडेज या एन्झाइमचा. टर्बिनाफिन इथे अडवते. आपल्याकडेही याच नावाचे एन्झाइम असते, पण टर्बिनाफिन बुरशीच्या एन्झाइमला आपल्यापेक्षा हजारांहून अधिक पटींनी घट्ट धरते. परिणाम दुहेरी होतो: अर्गोस्टेरॉल तुटपुंजे पडते आणि अडलेले स्क्वालीन पेशीत साचून विषारी ठरते. म्हणून टर्बिनाफिन नायट्याच्या बुरशीला नुसते थोपवत नाही, मारते. दुसरा टप्पा लॅनोस्टेरॉलवर काम करणाऱ्या एन्झाइमचा. तिथे फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल, लुलिकोनॅझोल, क्लोट्रिमॅझोल हा सगळा 'अ‍ॅझोल' परिवार बसतो. हे एन्झाइम आपल्या यकृतात औषधांचा निचरा करणाऱ्या एन्झाइमांच्या नात्यातले आहे. अ‍ॅझोलच्या गोळ्या इतर औषधांशी भांडतात त्याचे मूळ इथे आहे. त्याचा हिशेब खाली येईलच.

तिसरी तऱ्हा अर्गोस्टेरॉल बनू न देण्याची नाही, तयार अर्गोस्टेरॉलवरच झडप घालण्याची. अँफोटेरिसिन बी आणि निस्टॅटिन या 'पॉलिइन' औषधांची ही रीत. ती पटलातल्या अर्गोस्टेरॉलला धरतात, पटल झिरपू लागते, पोटॅशियम बाहेर जाते, पेशी मरते. निस्टॅटिन १९५० साली एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन या दोघींनी शोधले. आपल्याकडचा धागाही सांगण्याजोगा आहे: १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी हमायसिन हे याच कुळातले औषध शोधले, आणि ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले त्याचे नाव पिंपरीवरूनच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असे ठेवले गेले. पिंपरीत राहणाऱ्यांनाही हे सहसा ठाऊक नसते.

आता मेडिकलमधल्या ट्यूबकडे. 'सगळ्यावर चालते' म्हणून जी क्रीम मागितली जाते तिच्या वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचावीत. त्यात बुरशीविरोधी औषध, एखादे अँटिबायोटिक आणि तिसरे स्टेरॉइड असते. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांतले एखादे नाव दिसले की ते स्टेरॉइड समजावे. क्लोबेटासॉल ०.०५ टक्के एवढेच असते म्हणून ते किरकोळ वाटते, पण त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडमधले ते सर्वांत जहाल. नायट्याची लाली आणि खाज ही आपल्या प्रतिकारशक्तीने बुरशीशी मांडलेली लढाई असते. स्टेरॉइड ती लढाईच बंद पाडते. दोन दिवसांत खाज गायब, रुग्ण खूश, दुकानदार खूश. बुरशीला मात्र रान मोकळे मिळते. नायट्याची ओळखीची गोल, उठलेली, खवले सुटलेली कड पुसट होते, कड्याच्या आत आणखी एक कडे दिसू लागते, आणि पुढे डॉक्टरांनाही तो नायटा म्हणून पटकन ओळखता येत नाही. जांघेतली कातडी पातळ, घामेजलेली आणि घडीत दाबलेली. तिथे स्टेरॉइड हाताच्या कातडीपेक्षा कैक पटींनी जास्त मुरते. काही महिन्यांत तिथे लालसर-जांभळे ताणाचे व्रण उमटतात. हे व्रण फिकट होतात, पण जात नाहीत. कोवळ्या वयाच्या मुलांच्या जांघांवर ते दिसतात तेव्हा दोष नायट्याचा नसतो, ट्यूबचा असतो.

सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यात अशी काही क्रीमही होती. मिश्रणातला एखादा घटक बदलून नवे मिश्रण बाजारात आणायला मात्र वाव राहिला. कायद्याने चिठ्ठीशिवाय विकू नये असे औषधही काउंटरवर दहा सेकंदांत मिळते, हे वाचकांना नव्याने सांगायला नको. अन्न व औषध प्रशासनाने धाडी घालताना गर्भपाताच्या आणि झोपेच्या गोळ्यांइतकेच लक्ष या ट्यूबांकडे द्यावे, अशी आमची मागणी आहे. त्याहून साधी गोष्ट दुकानदार स्वतः करू शकतो: चिठ्ठी नसेल आणि गिऱ्हाईक नायट्यासाठी काही मागत असेल तर स्टेरॉइड नसलेली, एकाच घटकाची ट्यूब द्यावी. क्लोट्रिमॅझोलची द्यावी किंवा टर्बिनाफिनची, पण एकाच घटकाची. आणि चट्टा मोठा असेल, चेहऱ्यावर किंवा डोक्यात असेल, तर काहीही न विकता डॉक्टरकडे पाठवावे.

दुसरे दुखणे औषधाला न जुमानणाऱ्या बुरशीचे. गेल्या दहाएक वर्षांत भारतात नायट्याची एक जात पसरली आहे. २०२० मध्ये जपानमधल्या संशोधकांनी तिथल्या भारतीय आणि नेपाळी रुग्णांत सापडलेल्या या बुरशीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव दिले. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण नोंदले गेले. तिच्यातल्या पुष्कळ वाणांत स्क्वालीन इपॉक्सिडेजच्या साखळीतले एकच अमिनो आम्ल बदललेले असते, बहुधा ३९३ किंवा ३९७ व्या जागेवरचे. तेवढ्याने टर्बिनाफिनला पकड मिळत नाही. रोज २५० मिलिग्रॅमची गोळी महिनाभर घेऊन नायटा जागचा हलत नाही तो यामुळे. अशा वेळी तीच गोळी दुप्पट करून पुढे रेटण्यापेक्षा दुसऱ्या टप्प्यावर बसणारे इट्राकोनॅझोल वापरणे शहाणपणाचे, कारण त्याचे लक्ष्यच वेगळे आहे.

ही गोष्ट डॉक्टरांपेक्षा नाशिक-तासगावच्या द्राक्ष बागायतदाराला चटकन पटते. द्राक्षावरच्या भुरी या बुरशीवर हेक्झाकोनॅझोल चालते. ते याच अ‍ॅझोल परिवारातले. डाऊनी या दुसऱ्या रोगावर त्याचा उपयोग नाही, कारण डाऊनीचा जीव दिसतो बुरशीसारखा, पण स्वतःचे अर्गोस्टेरॉल बनवतच नाही. आणि एकाच गटाचे औषध सलग मारले की भुरी दाद देईनाशी होते, म्हणून तो फवारणीत गट बदलतो. बागेत जे पाळले जाते ते माणसांच्या औषधांत पाळले जात नाही.

इट्राकोनॅझोलची कॅप्सूल मात्र नाजूक प्रकरण आहे. आत मोहरीएवढे दाणे असतात, त्यांवर औषधाचा थर चढवलेला असतो. तो विरघळायला जठरात आम्ल लागते. म्हणून कॅप्सूल भरपेट जेवणानंतर लगेच घ्यावी; उपाशीपोटी किंवा नुसत्या चहा-बिस्किटावर घेतली तर बरीचशी वाया जाते. अँटासिडचे पातळ औषध घ्यायचेच असेल तर ते कॅप्सूलनंतर दोन तासांनी. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल यांच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही, कारण ती दिवसभर आम्ल दाबून ठेवतात. गंमत अशी की आपल्याकडे कुठल्याही चिठ्ठीत 'पित्ताची गोळी' सवयीने लिहिली जाते. त्यात पॅन्टोप्राझोलसोबत डॉम्पेरिडोन हे मळमळ-उलटीचे औषध असले तर धोका आणखी वाढतो: इट्राकोनॅझोल यकृतात डॉम्पेरिडोनचा निचरा अडवते, त्याची रक्तातली पातळी चढते आणि हृदयाची लय बिघडू शकते. ही जोडी एका चिठ्ठीत असूच नये. पित्ताची गोळी बंद करणे शक्यच नसेल तर कॅप्सूल कोलासारख्या आंबट पेयाबरोबर घेण्याचा तोडगा आहे, पण तो डॉक्टरांना विचारून. दाण्यांचा आकार, त्यांची संख्या आणि त्यांवरचा थर हे उत्पादकागणिक बदलते, म्हणून अर्ध्या वाटेत स्वस्त-महाग पाहून ब्रँड बदलू नये. हल्ली आम्लावर कमी अवलंबून असणारी ५० किंवा ६५ मिलिग्रॅमची नवी कॅप्सूलही मिळते. तिचा आकडा जुन्या १०० मिलिग्रॅमशी ताडून 'डोस कमी दिला' असा समज करून घेऊ नये.

इतर औषधांशी होणारी भांडणे: कोलेस्टेरॉलसाठी सिमव्हास्टॅटिन चालू असेल तर इट्राकोनॅझोल नको, स्नायू वितळण्याची भीती असते, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन चालू असेल तर डॉक्टरांना सांगावेच. हृदय कमजोर असून पाय सुजत असतील तर ते टाळावे, कारण ते हृदयाच्या आकुंचनाचा जोर कमी करते. टीबीचे रिफाम्पिसिन चालू असेल तर उलटे होते. यकृत इट्राकोनॅझोलचा इतक्या वेगाने फडशा पाडते की घेतले काय अन् न घेतले काय सारखेच. फ्लुकोनॅझोलला आम्ल लागत नाही, पण ते रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफेरिनचा परिणाम वाढवून रक्तस्राव घडवू शकते, आणि मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडबरोबर साखर एकदम खाली आणू शकते. गरोदरपणात या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत. टर्बिनाफिनचे भांडण कमी, पण यकृताचा आजार असलेल्यांनी तपासणी करूनच घ्यावे, आणि तोंडाची चव गेली तर डॉक्टरांना कळवावे.

कुठले औषध कशावर चालत नाही हेही माहीत हवे. छाती-पाठीवर पांढुरकी शिबं येतात ती नायट्याच्या बुरशीमुळे नसून मॅलासेझिया नावाच्या यीस्टमुळे. त्यावर टर्बिनाफिनची गोळी फुकट जाते, क्रीम मात्र चालते. केटोकोनॅझोलचा शाम्पू अंगाला लावून काही मिनिटांनी धुणे हा सोपा उपाय. बुरशी मेल्यावरही पांढरे डाग काही महिने राहतात, कारण रंग परतायला वेळ लागतो. तेवढ्यावरून पुन्हा पुन्हा औषध घेत बसू नये. ग्रिसिओफुल्विन हे जुने औषध बुरशीच्या पेशीचे विभाजन रोखते. मुलांच्या डोक्यातल्या नायट्यावर ते सहा ते आठ आठवडे देतात, तूप-दुधाच्या जेवणासोबत, कारण स्निग्धाशिवाय ते नीट शोषले जात नाही. कॅन्डिडा या यीस्टवर आणि शिबांवर ते निरुपयोगी. योनीच्या कॅन्डिडाला फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅमची एक गोळी बहुतेक वेळा पुरते. पुन्हा पुन्हा त्रास होत असेल तर साखर तपासावी, आणि मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिनसारखी लघवीवाटे साखर काढणारी गोळी चालू आहे का ते पाहावे.

नायट्याचा उपचार एवढा लांब का, तर बुरशी त्वचेच्या सर्वांत वरच्या मेलेल्या थरात, केराटिनमध्ये राहते. तिथे रक्त पोचत नाही. गोळीतले औषध खालून तयार होणाऱ्या नव्या थरात उतरते आणि जुना थर झडेपर्यंत वाट पाहावी लागते. त्याला महिनाभर लागतो, आणि हल्लीच्या चिवट नायट्याला त्याहून जास्त. नखाचे तर विचारूच नका. पायाच्या अंगठ्याच्या नखाला टर्बिनाफिन १२ आठवडे देतात, हाताच्या नखाला ६. कोर्स संपतो त्या दिवशीही नख वाकडेच दिसते, कारण नवे नख पुढे यायला वर्ष-दीड वर्ष लागते.

क्रीमचे प्रमाण बहुतेकांचे चुकते. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढी क्रीम मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढ्या जागेला पुरते. चार पंजांएवढा चट्टा असेल तर एका वेळी एक ग्रॅम, दिवसातून दोनदा म्हणजे दोन ग्रॅम. १५ ग्रॅमची ट्यूब आठवडाभरात संपली पाहिजे. एकच ट्यूब महिनाभर 'पुरवली' असेल तर औषध पुरेसे लागलेलेच नाही. क्रीम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटीमीटरपासून आत लावत यावी; मध्यभागापेक्षा कड महत्त्वाची, बुरशी तिथेच जोमात असते. दिवसातून एकदा लावायची की दोनदा हे औषधावर अवलंबून: लुलिकोनॅझोल एकदा, क्लोट्रिमॅझोल दोनदा. चट्टा दिसेनासा झाल्यावर पुढे दोन आठवडे लावत राहावी.

घरातल्या एकाला नायटा असेल तर बाकीच्यांच्या जांघा-काखा पाहाव्यात आणि सगळ्यांचा उपचार एकदम करावा. कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुवावेत, उलटे करून उन्हात वाळवावेत. चड्डीच्या इलॅस्टिकची शिवण इस्त्रीखाली घालावी. कमरेचा करगोटा उपचार चालू असेपर्यंत तरी काढून ठेवावा. ओल्या दोऱ्यात बुरशी सुखाने राहते आणि कमरेभोवतीचा पट्टा परत परत उठतो. श्रद्धेचा प्रश्न असेल तर उपचार संपल्यावर नवा बांधावा.

२०२१ च्या मे महिन्यात महाराष्ट्राला बुरशीने दुसरा चेहरा दाखवला. कोविड, त्यासाठी दिलेले स्टेरॉइड आणि आवाक्याबाहेर गेलेली साखर यांतून म्युकरमायकोसिस, म्हणजे तेव्हा गाजलेली 'काळी बुरशी', झाले आणि अँफोटेरिसिनच्या कुप्यांसाठी नातेवाईक शहरभर धावले. ६० किलोच्या रुग्णाला किलोमागे ५ मिलिग्रॅम या दराने रोज ३०० मिलिग्रॅम लागते. ५० मिलिग्रॅमच्या सहा कुप्या, त्याही कित्येक आठवडे. हा डोस लायपोसोमल, म्हणजे चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत भरलेल्या, प्रकाराचा. साध्या अँफोटेरिसिनचा डोस किलोमागे १ ते १.५ मिलिग्रॅम. दोहोंचे आकडे एकमेकांत मिसळले तर रुग्ण दगावतो, म्हणून चिठ्ठीवर 'अँफोटेरिसिन' एवढेच कधीही लिहू नये. ते ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळतात. सलाइनमध्ये ते साकळते. थंडी वाजून ताप, पोटॅशियम घसरणे आणि मूत्रपिंडावर ताण हे ठरलेले त्रास, म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आणि पोटॅशियम वारंवार पाहावे लागते. अ‍ॅझोल परिवारातले व्होरिकोनॅझोल ही म्युकरसाठी चुकीची निवड. त्या बुरशीच्या एन्झाइमची घडणच थोडी निराळी असल्याने ते बसत नाही. आणि कुजलेल्या भागाला रक्तपुरवठाच उरलेला नसतो, तिथे शिरेतले औषध पोचणार कसे? म्हणून शस्त्रक्रियेला पर्याय नव्हता.

हेच अँफोटेरिसिन आपल्याला बुरशीकडून आदिजीवांकडे नेते. बिहारमधल्या काळा आजाराचा लिशमानिया हा आदिजीव आहे, बुरशी नव्हे. पण त्याच्याही पटलात अर्गोस्टेरॉलच्याच घराण्यातले स्टेरॉल असते. म्हणून बुरशीचे औषध त्याला लागू पडते. शिवाय तो आपल्या भक्षक पेशींच्या आत लपतो, आणि लायपोसोमचे चरबीचे गोळे याच भक्षक पेशी आपणहून गिळतात. औषध थेट शत्रूच्या मुक्कामावर जाऊन पडते. किलोमागे १० मिलिग्रॅमचा एकच डोस देऊन या आजाराचा उपचार राष्ट्रीय कार्यक्रमात होतो. औषधशास्त्रात इतकी देखणी जुळणी क्वचित पाहायला मिळते.

हिवतापात अशी सोय नाही. परजीवी तांबड्या पेशीत शिरून हिमोग्लोबिन खातो. त्यातून सुटणारा हीम हा लोहयुक्त भाग त्याला स्वतःलाच विषारी असतो, म्हणून तो त्याचे स्फटिक बनवून बाजूला ठेवतो. क्लोरोक्विन हे स्फटिक बनू देत नाही आणि परजीवी स्वतःच्याच उकिरड्यात मरतो. फाल्सिपारम या परजीवीच्या जातीने आपल्या पचनकोषातून क्लोरोक्विन बाहेर फेकायची युक्ती साधली, म्हणून तिथे आर्टिसुनेट लागते. व्हायवॅक्स या दुसऱ्या जातीवर भारतात क्लोरोक्विन अजून चालते: मोठ्या माणसाला १५० मिलिग्रॅमच्या गोळ्या पहिल्या दिवशी ४, दुसऱ्या दिवशी ४, तिसऱ्या दिवशी २. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, आणि गाडी नेमकी इथेच घसरते.

व्हायवॅक्सचे काही परजीवी यकृतात झोपलेले राहतात. क्लोरोक्विन त्यांच्या केसालाही धक्का लावत नाही. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन, मोठ्यांना रोज १५ मिलिग्रॅम, सलग १४ दिवस, पोटात काही असताना. ताप नसताना अकरा दिवस गोळी घेणे जिवावर येते, आणि उरलेल्या गोळ्या पाकिटात राहतात. मग काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हुडहुडी भरली की 'पुन्हा डास चावला' असे म्हणतात. बऱ्याचदा तो डास जुनाच असतो. प्रायमाक्विन गरोदर स्त्रीला आणि तान्ह्या बाळाला देत नाहीत. ज्यांच्या तांबड्या पेशींत जी-६-पीडी एन्झाइम कमी आहे त्यांच्या पेशी या औषधाने फुटतात. लघवी कोऱ्या चहासारखी गडद होणे, डोळे पिवळे पडणे, धाप लागणे यांतले काहीही दिसले तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. शक्य तिथे जी-६-पीडीची तपासणी आधीच करावी. रक्त फुटून गेल्यानंतर लगेच केली तर ती खोटा दिलासा देऊ शकते, कारण नव्या कोवळ्या पेशींत एन्झाइम भरपूर असते.

गडचिरोलीत फाल्सिपारम आहे, तिथला हिशेब निराळा. आर्टिसुनेट तीन दिवस, सोबत पहिल्या दिवशी सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिन, आणि दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विनचा एकच मोठा डोस, मोठ्यांना ४५ मिलिग्रॅम. हा शेवटचा डोस रुग्णाचा ताप उतरवायला नसतो. रक्तातली जी रूपे डासात जाऊन पुढे पसरतात त्यांना मारायला असतो, म्हणजे शेजाऱ्यासाठी असतो. आर्टिसुनेट रक्तातून काही तासांतच ओसरते. एकटे दिले तर उरलेसुरले परजीवी सावरतात आणि औषध ओळखायला शिकतात. म्हणून आर्टिसुनेट ज्यातले त्या आर्टेमिसिनिन गटाच्या नुसत्या गोळ्यांवर भारतात बंदी आहे. रक्त न तपासता 'मलेरियाचा कोर्स' देण्याला तर आता काहीच सबब उरलेली नाही. बोटातल्या थेंबावरची पट्टी पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देते.

राहता राहिली जुलाबाची गोळी. ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडॅझोलची जोडगोळी महाराष्ट्रात पापडासारखी खपते. ऑर्निडॅझोल, मेट्रोनिडॅझोल, टिनिडॅझोल ही औषधे प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जीवांतच जागी होतात. अमिबा, जिआर्डिया आणि काही जिवाणू यांच्या पेशीत गेल्यावर त्यांचे रूप पालटते आणि ती डीएनए तोडतात. आपल्या पेशीत प्राणवायू असल्याने ती बहुतांशी निद्रिस्तच राहतात. फार हुशार रचना आहे, पण पाण्यासारख्या जुलाबांपैकी बहुतेक विषाणूंमुळे होतात आणि विषाणूला यातले काहीच लागत नाही. तिथे एक लिटर पाण्यात ओआरएसची पूर्ण पुडी, आणि सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम झिंक १४ दिवस, हा उपचार. रक्त-आंव पडत असेल तर तपासणी करून घ्यावी. तिथेही एक मेख आहे: शौचाच्या रिपोर्टात 'सिस्ट दिसल्या', म्हणजे अमिबाची कवचबंद रूपे दिसली, एवढ्यावरून अमिबाचा आजार ठरत नाही, कारण सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब तशाच दिसणाऱ्या निरुपद्रवी अमिबाच्या सिस्टही असतात.

आणि आजार खरोखर अमिबाचा ठरला तर मेट्रोनिडॅझोलवर थांबता येत नाही. मोठ्या माणसाला ते ८०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, ५ दिवस देतात. तोंडाला धातूची चव येते, लघवी गडद होते, त्यात घाबरण्यासारखे नाही; दारू मात्र शेवटच्या गोळीनंतरही दोन दिवस वर्ज्य, टिनिडॅझोल असेल तर तीन. पण हे औषध लहान आतड्यातच जवळजवळ सगळे शोषले जाते. आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात शिरलेला अमिबा मरतो, मोठ्या आतड्याच्या पोकळीतल्या सिस्ट जिवंत राहतात. त्यांच्यासाठी पाठोपाठ डायलोक्झानाइड फ्युरोएट ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, १० दिवस द्यावे लागते. चिठ्ठीत हे औषध सहसा लिहिलेलेच नसते, आणि लिहिलेच तर दुकानात 'सध्या नाही, याच्याऐवजी हे घ्या' असे उत्तर मिळते. याच्याऐवजी म्हणून जे हातात पडते ते बहुधा पुन्हा ऑर्निडॅझोलच असते. घेऊ नये, दुसऱ्या दुकानात विचारावे, किंवा डॉक्टरांना फोन लावून पर्याय त्यांनाच ठरवू द्यावा.

आपले,
त्वचारोग आणि औषधशास्त्र या विषयांचे दोन अध्यापक
पुणे